मुंबईचा गंज, सोलापूरचं ऊन

खलबत्त्यात माती सापडली आणि घरात दोन दिवस अबोला झाला. बायकोने शेंगाचटणी कुटायला बत्ता उचलला, तळाशी राखाडी पूड दिसली, ती तिने बोटावर घेतली आणि माझ्यासमोर धरली. बोलली काहीच नाही. सोलापुरात बाकी कशावरही तडजोड होते, चटणीच्या खलबत्त्यावर होत नाही. तिसऱ्या दिवशी मी नवा दगडी खलबत्ता आणून ठेवला. जुना आता माझ्या टेबलावर असतो.

ती माती एका गाडीच्या चाकांना लावायची होती. गाडीची लांबी सोळा सेंटिमीटर आणि वर थोडी.

मी पोटापाण्यासाठी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलची डिझाइनं काढतो, जॅकार्डची, म्हणजे विणतानाच कापडात उतरणारी. कॉम्प्युटरवर चौकटी चौकटींचा ग्राफ असतो, एक खण म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा भेटतात ती जागा. गंमत अशी की उभे धागे आणि आडवे धागे इंचाला सारखे नसतात, त्यामुळे स्क्रीनवर गोल काढलेला मोराचा डोळा टॉवेलवर अंड्यासारखा उतरतो. म्हणून आम्ही तो आधीच वाकडा काढतो. दिवसभर हेच करून संध्याकाळी घरी आलं की माणसाने टीव्ही बघावा. मी प्लॅस्टिकच्या गाड्या जोडतो. सहा वर्षं झाली.

आमचे आप्पा गाड्यांचे रंगारी. जुन्या पुणे नाक्याकडे त्यांचं पत्र्याच्या शेडचं गॅरेज होतं, पाटीवर 'डेंटिंग-पेंटिंग'. डेंटर आला नाही की पोचेही तेच काढायचे. चाळीस वर्षं केलं, मग छातीचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी बंद करायला लावलं. त्या काळात मास्क कुणी लावत नव्हतं. नाकावर रुमाल बांधला की झालं. मी घरात बोटभर गाडीवर रंग मारतो तेव्हाही फिल्टरवाला मास्क लावतो, आणि आप्पा हसतात. हसता हसता खोकतात. मी काही बोलत नाही.

पहिला किट, म्हणजे सुटे भाग जोडून गाडी करायचा डबा, तामिया ह्या जपानी कंपनीचा होता, फोक्सवॅगन बीटल, १९६६ चं मॉडेल, १/२४. म्हणजे खऱ्या गाडीचे चोवीस सेंटिमीटर इथे एक सेंटिमीटर. डबा उघडला की आत गाडी नसतेच. प्लॅस्टिकच्या काड्यांना शंभरेक तुकडे लगडलेले असतात, चिंचेच्या डहाळीला चिंचा लोंबाव्यात तसे. ह्या काड्यांच्या चौकटीला स्प्रू म्हणतात. एकेक तुकडा छाटायचा, जिथून छाटला तिथली गाठ घासायची, जोडायचा. मी पहिल्या दिवशी नखं कापायच्या नेलकटरने छाटायला बसलो. प्रत्येक तुकड्याला पांढरा ओरखडा. आता निप्पर आहे, आणि अक्कलही थोडी आहे: एकदम कडेला कापायचं नाही, दोन मिलिमीटर लांब कापायचं, उरलेलं ब्लेडने तासायचं.

दुसरी चूक काचेची. समोरची काच मी फेविक्विकने चिकटवली. सकाळी बघतो तर आतून धुकं धरलेलं. फेविक्विक सुकताना त्याची वाफ उठते आणि जवळच्या गुळगुळीत भागावर पांढरी बसते, बंद जागेत तर जास्तच. काच पुसून ते जात नाही. आता काचेला साधा पांढरा फेविकॉल लावतो. सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चुकलं तर पाण्याने निघतो. अंगाला म्हणजे बॉडीला मात्र प्लॅस्टिक सिमेंट लागतं. ते चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एकमेकांत मुरवतं. वेल्डिंगच म्हणा.

तिसऱ्या चुकीत आप्पा आले.

मे महिना होता. सोलापूरचा मे, म्हणजे दुपारी ४३-४४. मी गच्चीवरच्या खोलीत एअरब्रश लावून बीटलवर आकाशी रंग मारला. एअरब्रशचं तोंड ०.३ मिलिमीटर, त्यातून रंग धुरासारखा येतो. त्या उन्हात तो बाहेर पडल्या पडल्या हवेतच सुकायला लागला आणि गाडीवर पोचेपर्यंत त्याची पूड झाली. हात फिरवला तर पॉलिशपेपर. परदेशातल्या व्हिडिओंत सगळे दमट हवेने रंग पांढरा पडतो म्हणून रडत असतात. आमचं दुःख बरोबर उलटं, आणि त्याबद्दल कुणी सांगत नाही. उपाय नंतर सापडला. रंगात रिटार्डरचे दोन-तीन थेंब टाकायचे म्हणजे तो उशिरा सुकतो, एअरब्रश जवळ धरायचा, आणि मुख्य म्हणजे पहाटे पाचला उठायचं. आमच्याकडे पहाटे पाचला कॉम्प्रेसर चालू होतो तेव्हा शेजारच्या काकूंना वाटतं नळाला पाणी आलं आणि मी मोटर लावली. त्या बिचाऱ्या बादल्या घेऊन बाहेर येतात.

तर त्या खरखरीत बीटलकडे आप्पांनी पाहिलं, उजेडाकडे धरून तिरकी केली, जशी ते खरी गाडी बघायचे तशी डोळा बॉनेटच्या रेषेत आणून.

"ड्राय मारलास."

"मग आता?"

"थिनरने पूस की. पुन्हा मार."

गॅरेजमधला एनसी थिनरचा डबा अजून माळ्यावर होता. कापूस भिजवून मी छपरावर फिरवला. रंग गेला. मग कापूस चिकटायला लागला. मग छप्पर मऊ पडलं आणि माझ्या बोटाखाली चपातीच्या कणकेसारखं दबलं. पत्र्यावर चाळीस वर्षं चाललेलं थिनर पॉलिस्टायरिनला, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकला, सरळ खातं, हे आप्पांना माहीत असायचं कारण नव्हतं. मला असायला हवं होतं.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ब्रेक ऑइल लावलं असतं तर?"

ही गोष्ट गॅरेजमधल्या प्रत्येक पोराला माहीत असते: ब्रेक ऑइल रंगावर सांडलं की रंगाला फोड येतात आणि तो सालपटासारखा सुटतो. आप्पांनी त्यापायी एका हेल्परच्या कानाखाली वाजवली होती. ब्रेक ऑइल हा त्यांच्या आयुष्यातला शत्रू. मी नेटवर शोधलं तर जगभरचे मॉडेलवाले हेच करतात. साधं डॉट-३ ब्रेक ऑइल, झाकणाच्या डब्यात बॉडी बुडवून रात्रभर ठेवायची, हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासायची. रंग उतरतो, प्लॅस्टिक शाबूत.

"आप्पा, हे आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलास का?"

बीटल गेली. तिची चाकं, टायर, सीटं मी एका डबीत ठेवून दिली. मॉडेलवाल्यांच्या घरी अशा डब्या असतात, सुतारांच्या घरी खिळ्यांच्या असतात तशा. सुटा भाग कुणी टाकत नाही.

नंतरची जीप. तामियाचीच विलीज, १/३५. हे मापही विचित्रच. पस्तीस का, चाळीस का नाही? तर तामियाने १९६१ साली पँथर रणगाड्याचा मोटरवर चालणारा किट काढला, आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढा तो केला, मोजलं तर मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा भरला. पुढे सगळ्या जगाने सैनिकी गाड्यांसाठी तेच माप धरलं. बॅटऱ्यांच्या मापावरून जगाचं माप ठरलं! आमच्या कारखान्यात टॉवेलचं माप लूमच्या रुंदीवरून ठरतं, तसंच.

जीप मला वडापची करायची होती. सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी: वडाप म्हणजे एसटी चुकलेल्यांना आणि एसटी न येणाऱ्या गावच्यांना कोंबून नेणारी खासगी गाडी. लहानपणी आजोळी जाताना मी बॉनेटच्या बाजूला एक पाय आत, एक बाहेर अशा अवस्थेत प्रवास केलेला आहे. तर वडापची जीप म्हणजे थकलेली, पिचलेली असणार, म्हणून मी तिला भरपूर गंज चढवला. पद्धत सुंदर आहे. आधी गंजाचा तपकिरी थर द्यायचा, त्यावर पाण्याने भिजवून मीठ चिकटवायचं, वरून हिरवा रंग मारायचा, सुकल्यावर मीठ खरवडायचं. मिठाचा खडा जिथे होता तिथला रंग निघतो आणि खालून गंज डोकावतो. मी बॉनेटवर, मडगार्डवर, सगळीकडे मीठ पेरलं होतं. फोटो टाकला तर लोक खूश.

आप्पांनी जीप हातात घेतली.

"हे काय करायलास बे? मी जन्मभर गंज काढलो, आणि तू विकत आणून लावायलास?"

हे मला अपेक्षित होतं. पुढचं नव्हतं.

"आणि लावायचं तर नीट तरी लाव. ही गाडी कुठली?"

"सोलापूरची. वडाप."

"मग ही सोलापूरची नाही. रत्नागिरीची असंल."

त्या दिवशी आप्पा दोन तास बोलले. एवढे ते माझ्या लग्नातही बोलले नव्हते. त्यांचं म्हणणं असं. गंज वरून येत नाही, आतून येतो. दाराच्या आत पाणी उतरतं, खालची भोकं धुळीने बुजतात, पाणी साचून राहतं आणि पत्रा आतल्या अंगाने खायला लागतो. बाहेर आधी दिसतो तो फक्त फुगवटा, रंगाखाली तांदळाच्या दाण्याएवढा. काचेच्या रबराखाली तसंच. डिकीत स्टेपनीच्या खाली तसंच. मडगार्डच्या आतल्या वळणावर चिखल अडकतो तिथे तसंच. बॉनेटच्या मधोमध, जिथे पाणी थांबतच नाही, तिथे गंज कशाला येईल? तिथे मी मूठभर मीठ टाकलं होतं.

"मुंबईची गाडी आली की मी बघत नव्हतो," आप्पा म्हणाले. "दाराच्या खालच्या कडेला अंगठा दाबायचो. बिस्किटासारखं वाजलं की मुंबई." समुद्राची खारी हवा, चार महिने पाऊस. आपल्याकडे पाऊस केवढा? आपल्याकडे गाडी गंजून मरत नाही, भाजून मरते. छप्पर आणि बॉनेट, ज्यांच्यावर सूर्य सरळ उभा असतो, तिथला रंग आधी चमक सोडतो. मग त्यातलं बांधून ठेवणारं द्रव्य उन्हाने मरतं आणि नुसती पूड वर उरते. हात फिरवला की खडूसारखा रंग हाताला. लाल गाडी असेल तर छप्पर गुलाबी आणि दारं लालच. "पॉलिश मारून देतो म्हणून गाडी घेतलो आणि चिंधी लाल झाली, असं कितीदा झालंय."

हे ऐकताना माझ्या लक्षात आलं की मी सहा महिने परदेशी पोरांचे व्हिडिओ बघून त्यांच्या पावसाने गंजलेल्या गाड्या करत होतो. माझ्या खिडकीबाहेर उभ्या असलेल्या गाड्या बघितल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाताना सात रस्त्यापासून पुढे प्रत्येक सिग्नलला मी फक्त छपरं बघितली. मागच्याने दोनदा हॉर्न दिला.

जीप ब्रेक ऑइलमध्ये गेली. अजून तिथून वर आलेली नाही, म्हणजे रंग उतरला पण मी पुढे काही केलं नाही, कारण तेवढ्यात पद्मिनीचं खूळ डोक्यात शिरलं.

आमच्याकडे १९९१ चा एक फोटो आहे. आप्पा शेडसमोर उभे, हातात स्प्रे गन, शेजारी मरून रंगाची प्रीमिअर पद्मिनी. गाडी एका चादरीच्या व्यापाऱ्याची. चाटी गल्लीतून गठ्ठे डिकीत आणि वरच्या कॅरिअरवर टाकून स्टेशनवर न्यायचे, गाडी मालकाची पण कामं टेम्पोची. आप्पांनी ती तीनदा रंगवली. पद्मिनीबद्दल आप्पांना ममत्व आहे, आणि त्याला एक कारण ते नेहमी सांगतात: प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली काढली वालचंद हिराचंद यांनी, आणि वालचंद जन्मले सोलापुरात, १८८२ साली. कारखाना कुर्ल्याला, गाडी मूळची इटलीची फियाट ११००, पण आप्पांच्या लेखी ती गावची गाडी. इथे ती आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली तेव्हा आप्पांनी पेपरमधला फोटो कापून ठेवला आणि खाली टॅक्सीच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "लांबी भरलेली आहे, दिसतंय का?" लांबी म्हणजे खळगे बुजवायची पुट्टी. मला पेपरचे ठिपके दिसत होते.

मला हव्या त्या मापात पद्मिनीचा किट मिळाला नाही. पुण्यातल्या एका पोराने तिची थ्रीडी फाइल केली होती, त्याच्याकडून रेझिनमध्ये १/२४ ची बॉडी छापून घेतली. खरी गाडी ३.९३ मीटर, म्हणजे इथे १६४ मिलिमीटरच्या आसपास. दोन चाकांमधलं अंतर २३४० मिलिमीटर, इथे साडेसत्त्याण्णव. मेलेल्या बीटलची टायर एखाद मिलिमीटर मोठी निघाली, पण मडगार्ड आतून घासलं तर बसली. सीटंही तिचीच, वरून टिश्यू पेपर फेविकॉलमध्ये भिजवून रेक्झिनच्या सुरकुत्या केल्या.

छापलेल्या बॉडीला रेषा असतात, थरांच्या, जशा नखांवर असतात तशा बारीक. राखाडी सरफेसर, म्हणजे रंगाआधीचा थर, मारला की त्या दिसतात, आणि घासून घालवाव्या लागतात. मी चारशे नंबरचा वॉटरपेपर, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिशपेपर, घेऊन बोटाने घासत बसलो होतो. आप्पांनी पेपर काढून घेतला.

"बोटानं घासलास की बोटाएवढे खड्डे पडणार."

त्यांनी आइसक्रीमची काडी मागितली, तिला वॉटरपेपर चिकटवला. मग माझ्या एअरब्रशने सरफेसरवर काळ्या रंगाचा नुसता शिडकावा मारायला लावला, धूर गेल्यासारखा, पाणी घालून पातळ केलेला. त्याला ते गाइड कोट म्हणतात. आता काडीने सपाट घासायचं. उंच जागेवरचा काळा लगेच निघतो. जिथे काळा राहिला तिथे खळगा. बघायला डोळा लागत नाही, गाडी स्वतःच सांगते कुठे दुखतंय. राहिलेल्या काळ्यावर लांबी भरायची, पुन्हा शिडकावा, पुन्हा काडी. चारशे, मग सहाशे, मग हजार. उजव्या दारावर आम्ही पाचदा गेलो. मी आठवीत असताना सुट्टीत गॅरेजमध्ये आप्पांनी मला हे शिकवायचा प्रयत्न केला होता आणि मी क्रिकेटला पळून गेलो होतो. तेव्हाचा ब्लॉक लाकडाचा होता, विटेएवढा.

वॉटरपेपर म्हटल्यावर पाणी आलं, आणि आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं. बायको एकदा दारात उभी राहून म्हणाली, "अंगणात सडा टाकायला पाणी नाही आणि ह्यांच्या गाडीची रोज अंघोळ." तेव्हापासून मी भाजी धुतलेलं पाणी वापरतो. चालतं. कोथिंबिरीचं पान तेवढं काढून घ्यायचं.

रंगाच्या वेळी वेगळाच पेच. फोटोवरून मरून उचलावा तर फोटोच तेहतीस वर्षांत लालसर पडलेला, त्याच्यातली आप्पांची खाकी पँटसुद्धा तांबडी दिसते. आप्पांनी डोळे मिटले, लाल मागितला, त्यात काळ्याचे थेंब टाकायला लावले. काडीवर घेऊन उन्हात धरायचे, मान हलवायचे. "अजून एक." उन्हात धरायचे. निळ्याचा अर्धा थेंब, तो मी सुईच्या टोकावर घेतला. ट्यूबलाइटखाली मला तो विटकरी वाटत होता, उन्हात मरून झाला. हे मला कळायला हवं होतं, सुताची शेड आम्हीही ट्यूबखाली पास करत नाही.

गॅरेजचा खरा ड्युको रंग का नाही वापरला, असं काही जण विचारतील. एकदा वापरला होता, चांदीचा मेटॅलिक, दुसऱ्या एका गाडीवर. खऱ्या गाडीवर जी चमकी बारीक वाटते ती इथे जत्रेतल्या साडीच्या टिकल्यांसारखी दिसते. गाडी चोवीस पट लहान झाली, चमकीचा कण तेवढाच राहिला. रंगाच्या जाडीचंही तेच. खऱ्या गाडीत दाराची फट पाचेक मिलिमीटर, इथे ती ०.२. दोन हात जास्त मारले की दार बंद, कायमचं. म्हणून रंग मारायच्या आधी फटी सुईने थोड्या खोल कोरून घेतो.

आता मुद्द्याचं. मला ही गाडी नवी करायची नव्हती, फोटोतलीही नाही. तिसऱ्यांदा रंगवायला आली त्या दिवशीची करायची होती. म्हणजे आप्पांच्या हातात पडायच्या आधीची. आप्पांना हे पटायला वेळ लागला. "आधीचं कशाला ठेवायचं? नंतरचं ठेव की." मग एका रात्री जेवताना स्वतःच म्हणाले, "कॅरिअर काढलो तेव्हा खाली पट्टे निघाले होते."

मला आधी समजलंच नाही. मग घास हातात राहिला. छपरावर वर्षानुवर्षं कॅरिअर होतं. त्याच्या सळ्यांखाली ऊन पोचलं नाही. बाकी छप्पर गुलाबी खडू झालेलं, आणि सळ्यांच्या जागी मूळ मरून, ताजा, जणू काल मारलेला.

त्यासाठी तीन दिवस गेले. पूर्ण गाडीला मरून. मग छपरावर एक मिलिमीटरपेक्षा बारीक कापलेल्या मास्किंग टेपच्या पट्ट्या, जिथे सळ्या होत्या तिथे. मग मरूनमध्ये पांढरा आणि थोडा पिवळसर मातकट रंग मिसळून तो छपराच्या मध्यावर, बॉनेटच्या मध्यावर, डिकीच्या वरच्या अंगाला पातळ पातळ धुरळला, कडांकडे कमी करत. पाच-सहा हात, प्रत्येक वेळी पांढरा किंचित वाढवून. वर मॅट क्लिअर, कारण भाजलेला रंग चकाकत नाही. दारांना मात्र अर्धवट चकाकी ठेवली. मग टेप काढली. पट्टे निघाले. मी खाली जाऊन आप्पांना उठवलं, पहाटेचे सहा वाजले होते. त्यांनी चष्मा शोधला, बघितलं, आणि म्हणाले, "चौथी सळी वाकडी होती." मी पुन्हा टेप लावली.

गंज फक्त दोन जागी: डाव्या दाराच्या खालच्या कडेला तीन फुगवटे, टूथपिकच्या टोकाने ठेवलेले फेविकॉलचे थेंब, आणि मागच्या काचेच्या रबराखाली एक ओघळ. बस.

आणि माती. बाजारात मिळणाऱ्या पूड-रंगांत युरोपची माती मिळते, आफ्रिकेचं वाळवंट मिळतं. आमची काळी माती मिळत नाही. तिची एक खोड आहे: ओली असताना काळी असते, चाकाला गोळे धरून बसते, आणि सुकली की राखेसारखी फिकी पडते. काळा रंग मारला की चुकलं. मी होटगी रोडच्या पुढे एका रानाच्या बांधावरून पिशवीभर माती आणली, वाळवली, ओढणीच्या कापडातून चाळली. तरी जाड. चाळलेल्या मातीतला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा कण इथे अडीच मिलिमीटरच्या खड्यासारखा दिसतो, म्हणजे गाडीला खडी चिकटल्यासारखी. म्हणून खलबत्ता. बाकी तुम्हाला माहीत आहे. कुटून पीठ झाल्यावर ती ब्रशने मडगार्डच्या आत आणि सिलच्या, म्हणजे दारांखालच्या पट्टीच्या, खाली सोडली आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब टेकवला. थेंब पसरतो, सुकतो, माती बसते.

नंबरप्लेट काळी, पांढरी अक्षरं. खरा नंबर मी इथे देत नाही, मालकाची मुलं अजून गावात आहेत.

गाडी गेल्या रविवारी पुरी झाली. आप्पांसमोर टेबलावर ठेवली. त्यांनी हात लावला नाही, वाकून चारी बाजूंनी बघितली, आणि सवयीने अंगठा दाराच्या खालच्या कडेपर्यंत नेला आणि थांबवला. मग मागच्या डाव्या मडगार्डपाशी आले.

"हितं पोचा होता. मोठा. स्टेशनवर हातगाडी लागली होती."

मी लगेच वही काढली. पोचा करता येतो. रेझिन आतून घासून पातळ करायचं, हेअर ड्रायरने ऊब द्यायची, गोल मणी दाबायचा. किती मोठा, लांबट की गोल, रंग उडाला होता का, मी विचारत होतो. आप्पा गाडीकडेच बघत होते.

"दोन दिवस लागले मला तो काढायला. मागनं हात जात नव्हता, लाकूड घालून ठोकलो."

"हो, पण तुमच्याकडे आली तेव्हा तो होताच ना? आपण आधीचीच करतोय."

"तो मी काढलो," आप्पा म्हणाले. "आता परत घालायचा नाही."

वही मी मिटली. पट्टे आहेत, फुगवटे आहेत, माती आहे. डावं मागचं मडगार्ड सपाट आहे.